मृगाच्या आत काय काय : पदवीनंतरच्या एका उन्हाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०२५ च्या एप्रिलअखेर या मुलीचा बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला. विषय रसायनशास्त्र, कॉलेज रत्नागिरीत, तीन वर्षं हॉस्टेल. घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय कसे झाले आणि कोणत्या क्रमाने झाले ते मात्र होतं तसं ठेवलं आहे. तिने आणि तिच्या आईने मजकूर वाचून होकार दिला. कॉलेजात मुलांच्या पुढच्या वाटा बघायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे त्या काळात तिचे फोन मला येत होते.

घरी हापूसची साठ-सत्तर कलमं, थोडी काजू, आणि परसात व वहाळाच्या काठाने रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं. आंबा वडील बघतात. हंगामात एक नेपाळी जोडपं मांगरात राहायला असतं. रातांबे हे आईचं खातं : आमसुलं, आगळ (मीठ घालून टिकवलेला रातांब्याचा रस), थोडं अमृत कोकम. गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं. धाकट्या भावाने बारावी दिलेली. मुंबईला एक काका, सरकारी नोकरीतून निवृत्त. घरातल्या प्रत्येक मोठ्या खर्चात त्यांचा शब्द चालतो.

प्रश्न काय होता

पदवी आणि पुढचं काहीतरी यांच्यामध्ये दीड-दोन महिने पडले होते. घरी पोचल्यापासून जो भेटेल तो विचारायचा, ‘आता पुढे काय?’ आणि उत्तरही तोच देऊन जायचा.

विज्ञान शाखेच्या मुलांचं एक गणित इथे सांगायला हवं. एम.एस्सी.च्या मोठ्या प्रवेश परीक्षा उन्हाळ्याआधीच होऊन जातात. आयआयटीची जॅम २ फेब्रुवारीला झाली होती, सीयूईटी-पीजी मार्चमध्ये. तिने दोन्ही दिल्या नव्हत्या. म्हणजे मे महिन्यात ‘अभ्यास करून बाजी मारणं’ हा पर्यायच शिल्लक नव्हता. राहिला होता विद्यापीठाचा नेहमीचा एम.एस्सी. प्रवेश, आणि तो निकाल लागल्यावर. तरी घरात दोन आठवडे चर्चा चालली ती जणू मे महिन्यावर तिचं आयुष्य टांगलेलं आहे अशी. वडिलांची अडचण साधी होती. त्यांना गडी सांगायचे होते. ‘काय ता एकदाचा ठरव, बाय,’ एवढंच ते म्हणत.

समोरचे पर्याय

पहिला, लोटे. मार्चमध्ये कॉलेजात मुलाखती झाल्या होत्या आणि लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कंपनीने तिला क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये ट्रेनी म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात केमिस्ट्री शिकलेल्या मुलांची ही रुळलेली वाट आहे. कंपनीचा फोन आला : ५ मेला हजर व्हा.

दुसरा, पुणे. काकांचं म्हणणं, वर्षभराचा एमपीएससीचा क्लास लावावा, पेठेत कॉट बेसिसवर राहावं, अर्धे पैसे ते देतील. क्लासवाल्यांची सवलत १० मेपर्यंत. काकांचा सल्ला मनापासूनचा होता, पण तो त्यांच्या काळच्या परीक्षेवर बेतलेला होता. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली : नऊ पेपर, लिहून काढायचे. ‘सहा महिने प्रश्नसंच घासले की झालं’ हे त्याला लागू पडत नाही.

तिसरा, घर. आंबा आणि रातांबे. हा पर्याय कुणी पर्याय म्हणून मांडलाच नाही. तो गृहीत होता.

चौथा, मालवण. हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या घरचा होम-स्टे आहे. तिथे राहायचं, पाहुण्यांची नोंद, जेवणाचं बघायचं, आणि त्या बदल्यात तारकर्लीला स्कूबा शिकायला मिळायची शक्यता. समुद्राकाठी वाढलेल्या या मुलीने पाण्याखाली कधी डोकं घातलं नव्हतं. हे ती मला फोनवर सगळ्यात शेवटी, जवळजवळ फोन ठेवता ठेवता म्हणाली.

पाचवा, काही न करणं. झोप. हाही पर्याय धरायला हवा, कारण ती खरोखर थकली होती. सहाव्या सत्रात प्रोजेक्ट, प्रॅक्टिकल आणि मुलाखती एकावर एक आल्या होत्या.

पहिला निर्णय : क्रम लावणं

पर्यायांची नेहमीची मांडणी म्हणजे फायदे-तोटे. ती तिने केली होती, वहीचं पान भरून, आणि अडकली होती. पगार आणि आईला मदत यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. मी तिला एकच विचारलं : यातलं काय पाऊस लागल्यावरही करता येईल?

कोकणात उन्हाळ्याला शेवट असतो आणि तो कुणाला पुढे ढकलता येत नाही. हापूस मेअखेर आटोपतो. रातांबे पावसाच्या तोंडाला पिकतात आणि भिजले की गळून कुजतात. मालवणात जलक्रीडा २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद. लाकडं भरणं, कौलं चाळणं, सगळं मृगाच्या आत. आणि मृग लागतो ७-८ जूनला. वाचन, फॉर्म, क्लास आणि नोकरी यांना पावसाचं काही पडलेलं नसतं.

तिने कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानावर दोन रंगांनी खुणा केल्या. पावसाआधीच होईल ते लाल : आंबा, रातांबे, मालवण. नंतरही होईल ते निळं : लोटे, पुणे, एम.एस्सी. झोपेला तिने रंग दिला नाही. आईशी बोलून पहिला आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात कुणी काही विचारायचं नाही असं ठरलं. आईने ते पाळलं. काकांनी नाही.

या मांडणीने एक मोठी गोष्ट झाली. ‘कोणता’ हा भांडणाचा प्रश्न मागे पडून ‘आधी कोणता’ हा हिशोबाचा प्रश्न समोर आला, आणि त्यावर घरातली माणसं शांतपणे बोलू शकली.

दुसरा निर्णय : ५ मे ही तारीख

कंपनीने तारीख सांगितली म्हणजे ती दगडावरची रेघ, असं तिने धरलं होतं. आपल्याकडच्या मुलांचा हा जुना रोग आहे. नोकरी मिळते आहे म्हटल्यावर प्रश्न विचारायची लाज वाटते. मी म्हटलं, फोन करून विचार. नोकरी नको असं म्हणायचं नाही. घरी हंगाम आहे, पुढची बॅच कधी आहे, एवढंच.

ती तीन दिवस टाळत राहिली. मग केला. एचआरमधल्या बाई म्हणाल्या, दुसरी बॅच १६ जूनला आहे, तसा मेल टाक. दोन मिनिटांचं बोलणं. त्या मेलला लेखी उत्तर घेऊन ठेव असं मी सांगितलं आणि तिने ते घेतलं. तोंडी होकारावर गाव सोडायचं नसतं आणि थांबायचंही नसतं.

पुण्याचं उत्तर काकांना तिने स्वतः दिलं. पावसाळ्यात नोकरी करता करता बोर्डाची आणि एनसीईआरटीची पुस्तकं वाचायची, दिवाळीत क्लासचा निर्णय घ्यायचा. सवलतीची तारीख निघून गेली. काका थोडे दुखावले.

तिसरा निर्णय : पेटी की कॅनिंग

हा निर्णय तिच्या उन्हाळ्याचा नव्हता, बागेचा होता : आंबा पेटीत भरून वाशीच्या बाजारात पाठवायचा, की कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, द्यायचा. पण सगळ्या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती बागेत उतरली. काम तेच, लहानपणापासून पाहिलेलं : पहाटे झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवायचं, क्रेटमध्ये अलगद ठेवायचं, मांगराच्या सावलीत निवड. देठ मुळात तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि साल काळी पडते. हातावर उडाला तर कातडी भाजते. पहिल्याच दिवशी तिच्या मनगटावर चट्टा उठला. तीन वर्षं लॅबमध्ये ॲसिड हाताळलं तेव्हा हातमोजे असायचे, इथे कुणी घालत नाही, असं तिने मला कळवलं. दुसऱ्या दिवशी तिने घातले.

संध्याकाळी वडील वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, एका खिळ्याला अडकवून ठेवायचे. तिने त्या काढून वहीत मांडल्या. पट्टीवर पेटीमागे भाव, त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा. पट्टीवर जे नसतं ते तिने बाजूला लिहिलं : खोका, पेंढा, निवड-भराईची मजुरी. कॅनिंगचा भाव मात्र किलोवर असतो, क्रेट बागेतून उचलून नेतात, आणि डागाळलेलं, लहान-मोठं सगळं चालतं. वडिलांच्या डोक्यात पेटी आणि किलो ही दोन वेगळी जगं होती. तिने पेटीचे किलो केले. अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर पाच डझनांची पेटी म्हणजे पंधरा किलो. आता दोन आकडे एका ओळीत आले.

मार्च-एप्रिलच्या पट्ट्यांत पेटी कितीतरी पुढे होती. मेच्या पट्ट्यांत, सगळी वजावट धरल्यावर, पेटी आणि कॅनिंग जवळजवळ एकाच जागी येऊन बसले होते, आणि पेटीच्या बाजूला जागरण जास्त होतं. वडिलांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘पण आपला आंबा कॅनिंगला?’ यात नुसता हट्ट नव्हता. देठासकट काढलेला, अढीत (पेंढ्यात पिकायला) लावलेला हापूस रसाच्या डब्यात जाणार हे बागायतदाराला लागतं. शिवाय दलालाशी वीस वर्षांचा व्यवहार. मे महिन्यात माल पाठवणं थांबवलं तर पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या पेटीला तो कसा बोलेल, हा विचारही आकड्यात बसत नाही.

शेवटी मध्यम तोडगा निघाला. मोठं, स्वच्छ फळ पेटीत, बाकीचं १५ मेनंतर कॅनिंगला. माझ्या मते हा निर्णय आठवडाभर आधी व्हायला हवा होता, पण वडिलांनी मुलीच्या वहीवरून काहीतरी बदललं ही त्या घरात पहिलीच वेळ होती, त्यामुळे आठवडा गेला तो फुकट गेला असं म्हणवत नाही.

पाऊस आधीच आला

योजना अशी होती : २३ मेपर्यंत आंबा, मग लगेच मालवण, शेवटचे दोन-तीन दिवस पाण्यात, परत येऊन मृगापर्यंत आईबरोबर रातांबे, १६ जूनला लोटे.

२० मेच्या सुमाराला कोकणात जो पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. आधी सगळे त्याला वळीव म्हणत होते. २५ मेला हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं, २६ ला तो मुंबईत होता. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून. पंधरवडाभर उन्हाळा कापून नेला.

आंब्याचं नुकसान कॅनिंगच्या निर्णयामुळे थोडं कमी झालं, कारण झाडावर मागे राहिलेलं फळ कमी होतं. मालवण गेलं. मैत्रिणीचा निरोप आला, समुद्र खवळलाय, नावा वर ओढल्या, पाहुणे परत गेले. बंदीची तारीख यायची वाटही बघावी लागली नाही.

रातांब्यांची गत वाईट. आमसूल करायचं म्हणजे फळ फोडून बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, असं पाच-सात वेळा. पहिली खेप खळ्यात वाळत असताना पाऊस आला. ताडपत्री टाकली, मग पडवीत पसरून पंखा लावला. तिसऱ्या दिवशी सालांवर पांढरी बुरशी. ती खेप टाकली.

इथे आई हताश झाली होती आणि मुलीने विचार केला तो केमिस्टचा. ऊन लागतं ते आमसुलाला. आगळाला लागत नाही. त्यात मीठ आणि फळाचं स्वतःचं आम्लच राखणीला असतं. म्हणजे उरलेली सगळी फळं आगळाकडे वळवायची, थोडी साखरेच्या पाकात घालून चुलीवरच सरबताचा पाक. अडचण मापाची होती. आई मीठ मुठीने घालते. दरवर्षीचं आगळ थोडं आणि ओळखीत जाणारं, त्यामुळे चालून जायचं. या वेळी माल जास्त आणि हवा दमट. तिने आईला सांगितलं, नेहमीसारखी मूठ भर. ती मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओतली. पुन्हा भर. पुन्हा ओतली. आईची मूठ दर खेपेला जवळपास तेवढीच भरली, आई खूश झाली, आणि किलोमागे किती ते वहीत लिहिलं गेलं. सरबताच्या पाकातलं साखरेचं प्रमाण कॉलेजच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बघून दिलं. ते ६५ ब्रिक्सच्या (म्हणजे शंभर ग्रॅम पाकात साधारण पासष्ट ग्रॅम साखर) खाली होतं, तिने पाक पुन्हा आटवला.

विकायचं ठरल्यावर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी काढली. बारा लाखांखालच्या उलाढालीला तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क होतं. आई इतकी वर्षं विकते आहे, पण हा कागद कुणी काढला नव्हता.

निष्पत्ती

१६ जूनला ती लोट्याला हजर झाली. खेडला तिघींत एक खोली. काम बहुतेक टायट्रेशनचं, पाळ्या फिरत्या. आगळ गणपतीच्या आत संपलं, बरंचसं मुंबईकर गणपतीला आले ते घेऊन गेले. पैशाचे दोन भाग झाले, आईचा आणि तिचा. पदवीला पहिला वर्ग मिळाला. एम.एस्सी.चा फॉर्म तिने भरला नाही. पगार सुरू झाल्यावर सोडवत नाही असं तिचं म्हणणं, आणि ते मला पटतं असं नाही, पण समजतं.

पुस्तकं वाचायची होती ती दिवाळीपर्यंत अर्धी वाचून झाली. काकांनी विचारलं. तिने पुढच्या वर्षावर टाकलं.

काय वेगळं करता आलं असतं

मालवण शेवटी ठेवायला नको होतं. ज्या गोष्टीची अखेर आभाळावर आहे ती रांगेत मागे लावली की तीच जाते. इथे तर तीन लाल खुणांत एकच तिच्या स्वतःच्या हौसेची होती आणि तीच शेवटी होती. हे आपोआप झालं, कुणी केलं नाही, म्हणूनच लिहून ठेवतो. भाऊ ५ मेला बारावीचा निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी मामाकडे मुंबईला गेला आणि पंधरा दिवस राहिला. बागेत हंगाम आहे ही आठवण त्याला कुणी करून दिली नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आंबा तिच्यावाचून चाललाच होता. झोपेचा तो आठवडा मालवणात काढता आला असता. तिथेही झोपता येतं.

दुसरं, मजुरी. बागेत तिने गड्याइतकं काम केलं आणि त्याचा उल्लेखही हिशोबात नाही. पेटीचा खर्च मांडताना तिने निवड-भराईची मजुरी धरली, ती नेपाळी जोडप्याची. स्वतःची धरली नाही. ती धरली असती तर मेच्या पट्ट्या आणखी खाली गेल्या असत्या आणि कॅनिंगचा निर्णय बहुधा त्याच संध्याकाळी झाला असता. मी हे तिला ऑगस्टमध्ये म्हटलं. ती म्हणाली, घरच्या कामाचे पैसे कसे धरायचे? आगळाच्या पैशाचे दोन भाग करताना तिने हा प्रश्न विचारला नव्हता.

तिसरं, दिवाळी. तारीख ठरवली हे बरं केलं, पण दिवाळीत काय पाहून निर्णय करायचा ते ठरवलं नाही. ‘अमुक चार पुस्तकं पुरी आणि आठवड्याला एक उत्तर लिहून काढलेलं असेल तर क्लास, नाहीतर नाही’ असं काही कागदावर असतं तर काकांनाही उत्तर मिळालं असतं. नुसती तारीख आली आणि गेली.

आणि रातांबे. पाऊस लवकर आला नसता तर आगळ वाढवायचं कुणाच्या मनात आलं नसतं. येत्या हंगामात निम्मी फळं सुरुवातीपासूनच आगळाला काढायची असं आईने ठरवलं आहे. मीठ काट्यावर तोलायला ती तयार आहे, फक्त काटा नवा हवा म्हणते, जुन्याला आकडे नीट दिसत नाहीत. मुलीला मेमध्ये रजा मिळेल का हे अजून ठरायचं आहे. ट्रेनीला वर्षाला मोजक्याच रजा असतात, आणि मैत्रीण मालवणहून आताच विचारते आहे.